अटारीचा दरवाजा आणि न्हावा-शेव्याचा कंटेनर : व्यापारबंदीने अमली पदार्थ थांबतात का?

करंजा (धागालेखक)

२०१९ च्या जूनअखेरीस पंजाबमधील अटारीच्या सीमा-तपासणी नाक्यावर पाकिस्तानातून शेंदेलोणाच्या ६०० गोण्या आल्या. आपल्याकडे उपासाला जे मीठ लागते, जे पूर्वी मुख्यतः खेवड्याच्या खाणींतून येत असे, तेच हे मीठ. सीमाशुल्काच्या लोकांनी गोण्या उघडायला घेतल्या तेव्हा काही गोण्यांत मिठाखाली भुकटीच्या पिशव्या निघाल्या आणि वजन केल्यावर ५३२ किलो हेरॉईन व ५२ किलो इतर मिश्र अमली पदार्थ भरले. जमिनीवरच्या नाक्यावर एवढा मोठा साठा त्याआधी सापडलेला नव्हता.

या घटनेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिची तारीख. पुलवामाचा हल्ला १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. दुसऱ्याच दिवशी, १९९६ पासून पाकिस्तानला दिलेला सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा आपण काढून घेतला आणि १६ तारखेला पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर २०० टक्के आयातशुल्क लावले. खजूर, सिमेंट आणि जिप्सम आणणाऱ्या साध्या व्यापाऱ्याचे गणित त्याच दिवशी बसेनासे झाले आणि तो बाजूला झाला. म्हणजे हे मीठ आले तेव्हा दरवाजा जवळजवळ लोटलेलाच होता. मीठ ही मुळात स्वस्त वस्तू आहे. तिच्यावर किमतीच्या दुप्पट शुल्क भरायला जो तयार होतो, त्याला मिठात रस नाही हे उघड आहे. शुल्क वाढवल्यामुळे प्रामाणिक माणूस गाळला गेला आणि ज्याच्या गोणीत कोट्यवधींचा माल होता, त्याला शुल्काची झळ लागलीच नाही. हा धागा काढण्याचे कारण एवढेच आहे.

काश्मीरमधील नियंत्रणरेषेवरच्या व्यापाराचीही हीच गोष्ट आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये उरीजवळचे सलामाबाद आणि पूंछजवळचे चकां-दा-बाग येथून हा व्यापार सुरू झाला. त्यात २१ प्रकारच्या वस्तू होत्या, पैसा नव्हता. मालाला माल असा तो व्यवहार होता आणि शुल्क शून्य होते. एप्रिल २०१९ मध्ये केंद्र सरकारने शस्त्रे, अमली पदार्थ आणि बनावट नोटा यांच्या वाहतुकीसाठी या मार्गाचा गैरवापर होत असल्याचे कारण देऊन तो थांबवला. गैरवापर होत नव्हता असे मी म्हणणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये बदामाच्या ट्रकमधून ब्राऊन शुगर निघाली होती आणि जुलै २०१७ मध्ये सलामाबादला एकाच ट्रकमध्ये ६६ किलोंहून अधिक हेरॉईन सापडले होते. परंतु तेथील व्यापारी वर्षानुवर्षे ट्रक आरपार पाहणाऱ्या स्कॅनरची मागणी करत होते, ही बाबसुद्धा तितकीच खरी आहे. स्कॅनर बसवून पाहण्याआधीच रस्ता बंद झाला.

रस्ता बंद झाला म्हणून माल थांबला का? ऑगस्ट २०२० मध्ये न्हावा-शेव्याला १९१ किलो हेरॉईन पकडले गेले. बांबूसारखे रंगवलेल्या नळ्यांत ते भरले होते आणि कागदावर आयुर्वेदिक औषध असे लिहिले होते. जुलै २०२१ मध्ये त्याच बंदरात इराणहून आलेल्या टाल्कच्या (शंखजिऱ्याच्या) दगडांत सुमारे ३०० किलो निघाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून २,९८८ किलो हेरॉईन बाहेर आले. माल अफगाणिस्तानचा, जहाज इराणच्या बंदर अब्बासहून आलेले आणि घोषणा पुन्हा टाल्कचीच. सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावा-शेव्यालाच सुमारे २२ टनांचा ज्येष्ठमधाचा कंटेनर उघडला, तेव्हा ज्येष्ठमधाच्या काड्यांवरच हेरॉईनचा लेप दिलेला आढळला. आणि तो कंटेनर जून २०२१ पासून तेथे पडून होता. ट्रकमध्ये किलोंत सापडणारी वस्तू कंटेनरमध्ये टनांत सापडू लागली. सगळा माल अटारीवरूनच समुद्राकडे वळला असा दावा मी करत नाही, पण नाका बंद केल्याने पुरवठा आटला असे म्हणायला कोणताही आधार मला दिसत नाही.

मी २२ वर्षे न्हावा-शेव्याला एका सीएचएच्या (सीमाशुल्क दलालाच्या) कचेरीत काम केले, म्हणून कंटेनर कसा तपासतात हे थोडे सविस्तर सांगतो. सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाच्या, आवारात कंटेनर उतरवला जातो, सीलचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला जातो, मग कटरने सील तोडले जाते. दार उघडले की टाल्कची पांढरी धूळ अंगावर येते आणि समोर गोण्यांची भिंत उभी असते. वीस फुटी कंटेनरमध्ये अशा मालाचे पंचवीसेक टन वजन भरते. अधिकारी दारालगतच्या चार गोण्या फोडतो, मधल्या दोन बाहेर ओढायला लावतो. सगळा कंटेनर रिकामा करायचा म्हटले तर माथाडींची टोळी अर्धा दिवस तेथेच लागते आणि मागे रांग वाढत जाते. २०२३-२४ मध्ये या एका बंदराने ६४ लाखांहून अधिक कंटेनर-एकके हाताळली. त्यातला प्रत्येक कंटेनर उघडणे जगातल्या कोणत्याही बंदराला शक्य नाही. म्हणून पकडायचे असते ते कागदावर. राजस्थानात टाल्कच्या खाणी असताना ते अफगाणिस्तानातून कोण आणतो? विजयवाड्याचा आयातदार चेन्नई आणि विशाखापट्टणम सोडून माल मुंद्र्याला का उतरवतो? आयात-निर्यात क्रमांक कधी काढला आणि त्यापूर्वी त्या पेढीने काय आणले होते? असे प्रश्न विचारणारा एक जागरूक अधिकारी पन्नास बंद नाक्यांहून अधिक उपयोगी पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शेजारी देशाशी व्यापार थांबवणे हे राजकीय हत्यार आहे, आणि ते केव्हा वापरायचे हे सरकारने ठरवावे. परंतु अमली पदार्थ रोखण्याचे हत्यार म्हणून त्याची गणना करू नये, कारण तशी गणना केली की खरे काम करायचे राहून जाते. जाणकारांनी मते मांडावीत.

सह्याद्री_७१

धागा अभ्यासपूर्ण आहे, तरीही मूळ भूमिकेशी मी सहमत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेल येथील आपली माणसे होती. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी अटारीचा नाका बंद झाला आणि २ मे रोजी पाकिस्तानातून होणारी सर्व प्रकारची आयात बंद करण्यात आली. हे पाऊल हेरॉईनचे किलो मोजून उचललेले नव्हते. ज्या देशातून मारेकरी येतात त्याच्याशी सुक्या मेव्याचा सौदा चालू ठेवणे हे मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांच्या तोंडावर थापड मारण्यासारखे झाले असते. शिवाय दहा वाटांपैकी एक वाट बंद झाली तर तपास यंत्रणेला उरलेल्या नऊ वाटांवर अधिक मनुष्यबळ लावता येते, हा लाभ आपण हिशेबात धरलेला नाही.

करंजा

आपल्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवा असे म्हणतो. पहलगामनंतरची बंदी निषेधाची होती, आणि निषेध म्हणून ती मला योग्यच वाटते. मनुष्यबळाचा मुद्दा मात्र प्रत्यक्षात तसा घडत नाही, कारण वाट बंद झाली की तिच्यावरची माहितीही बंद होते. अधिकृत मालाला कागद असतो, पाठवणारा असतो, ट्रकचा क्रमांक असतो. आडवाटेने येणाऱ्या मालाला यांतले काहीच नसते. जून २०२५ मध्ये डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, न्हावा-शेव्याला ३९ कंटेनर अडवले. त्यांत पाकिस्तानचा १,११५ टन माल होता आणि तो दुबईमार्गे, मूळ देश लपवून आणलेला होता. त्यात खारीकही होती. जी खारीक अटारीवरून स्वतःच्या नावाने येत असे, ती आता दुसऱ्या देशाचा कागद लावून आपल्या दारात आली. खारकेला हे जमते, तर इतर वस्तूंना का जमू नये?

रावीकाठ

नोकरीनिमित्त अकरा वर्षे अमृतसरमध्ये राहतो, म्हणून येथील बाजू मांडतो. अटारीचा एकात्मिक नाका एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाला, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील दीड हजारांच्या आसपास माणसांना हमालीचे काम मिळाले. ट्रकचालक, ढाबेवाले, ट्रकदुरुस्तीची दुकाने यांची पोटे त्यावर चालत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्ताननेही आपल्या बाजूने व्यापार थांबवला आणि येथील काम अफगाण मालापुरते उरले. माझ्या घरमालकांचा भाचा हमाली करत असे. तो आता दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीने जातो. सीमेलगतच्या गावात बेकार झालेला तरुण हा तस्कराला सर्वांत स्वस्तात मिळणारा माणूस असतो. व्यापारबंदीचा विचार करताना ही बाजू दिल्लीत कोणी धरली असेल असे वाटत नाही.

येथे हेरॉईनला ‘चिट्टा’ म्हणतात. तो आता ट्रकने येत नाही, आकाशातून येतो. हाताच्या दोन पंज्यांएवढे ड्रोन रात्री रावी ओलांडतात आणि पिवळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेले अर्ध्या-एक किलोचे पुडके धानाच्या शेतात टाकून परत जातात. पुडक्याला तारेची कडी असते, कारण ते आकड्याला लटकवून आणलेले असते. सकाळी पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला ते सापडले तर त्याने सीमा सुरक्षा दलाला कळवायचे असते. बहुतेक जण कळवतात, पण पोलिसांच्या फेऱ्या मागे लागतील या भीतीने काही जण हात न लावता निघून जातात, हेही खरे आहे. सीमा सुरक्षा दलाने पंजाबच्या सीमेवर २०२३ मध्ये १०७ ड्रोन पकडले होते आणि २०२४ मध्ये २९४. या ड्रोनना नाका लागत नाही, शुल्क लागत नाही.

निफाड_शिवार

मी कांदा उत्पादक आहे. चर्चा पाकिस्तानपुरती राहू नये असे वाटते, कारण व्यापारबंदीचे हत्यार आपण मित्र देशांवरही चालवतो, आणि त्याचा वार आधी आमच्या कांदाचाळीवर पडतो. बांगलादेश हे आमच्या कांद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यात बंद झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले की आधी कळवले असते तर बरे झाले असते, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे. त्या हसत बोलल्या होत्या, पण त्यातली तक्रार आम्हाला येथे बसून कळत होती. तरीही वर्षभरात, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा तेच झाले आणि कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले.

डिसेंबर २०२३ चे तर मी विसरणारच नाही. ८ तारखेला सकाळी ट्रॉली भरून लिलावाला नेली होती, लाल कांदा होता, नुकताच काढलेला. बंदीची बातमी फोनवर आली आणि लिलाव थांबला. व्यापारी बोली लावायला तयार होईनात, दुपारपर्यंत ट्रॉल्या उन्हात उभ्या होत्या. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, त्यामुळे आठवडाभरात मला तो जवळजवळ निम्म्या भावाने द्यावा लागला. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजी, तीही ४० टक्के निर्यातशुल्क आणि टनाला ५५० डॉलरच्या किमान दरासह. शुल्क पूर्ण गेले ते १ एप्रिल २०२५ ला. एवढ्या काळात बांगलादेशने पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तान असे दुसरे दुकानदार शोधले. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाला लागले की परत आणणे किती अवघड असते हे कोणत्याही किराणा दुकानदाराला विचारा.

आता अमली पदार्थांकडे येतो. त्याच सीमेवरून आपल्या देशातून कोडीन (अफूतला गुंगी आणणारा घटक) असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बांगलादेशात चोरून जातात. तेथे त्या औषधावर १९८२ पासून बंदी आहे आणि नशेसाठी त्याला मोठी मागणी आहे. या प्रकरणात तक्रारदार ते आहेत आणि पुरवठादार आपण. त्यांचे अधिकारी प्रत्येक बैठकीत हा विषय काढतात. माझा कांदा दिल्लीतून एका रात्रीत थांबवता येतो. कारखान्यात तयार होणारी, बॅच क्रमांक छापलेली बाटली मात्र सीमेपर्यंत पोहोचते, याचे उत्तर मला कोणी तरी द्यावे.

करंजा

निफाड_शिवार, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. बॅच क्रमांकाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो अतिशय महत्त्वाचा आहे, कारण अफूच्या शेतातून निघालेल्या हेरॉईनचा माग काढणे कठीण असते, पण कारखान्यातून निघालेल्या बाटलीचा माग घाऊक विक्रेत्यापर्यंत कागदावरच सापडतो.

लोकटाक

मूळचा पुण्याचा, सहा वर्षे इंफाळमध्ये शिकवत होतो. पूर्वेकडची बाजू या चर्चेत राहून जाते म्हणून लिहितो. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूच्या लागवडीवर बंदी घातली आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार अफगाणिस्तानातील लागवड २०२२ मधील २,३३,००० हेक्टरांवरून २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आली. त्याच वर्षी म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक ठरला. तेथे सुमारे ४७,००० हेक्टरांवर लागवड होती. म्हणजे धोक्याची दिशाच बदलली आहे, आणि आपली चर्चा अजून अटारीपाशी आहे.

मणिपुरातील मोरेह ते पलीकडचे तामू हा आपला म्यानमारकडचा व्यापारमार्ग. १९९४ च्या कराराने तेथे सीमाव्यापार सुरू झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंना १६ किलोमीटरपर्यंत विनाव्हिसा ये-जा करण्याची मुभा होती. ती रद्द करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला आणि १,६४३ किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालायचे ठरले. ज्या डोंगरी गावांची निम्मी भावकी पलीकडे राहते, त्यांना हा निर्णय किती जड गेला हे मी तेथील विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे. सुरक्षेचे कारण मला मान्य आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाने अंदमानातील बॅरन बेटाजवळ म्यानमारच्या सहा खलाशांची जी मासेमारी बोट पकडली, तिच्यात सुमारे साडेपाच टन मेथॅम्फेटामाईन हे कृत्रिम अमली रसायन होते. डोंगरातले कुंपण त्या बोटीला आडवे येणार नव्हते.

निफाडच्या मुद्द्याला एक जोड देतो. म्यानमारमध्ये मेथॅम्फेटामाईन बनवायला लागणारे स्यूडोएफेड्रिन, म्हणजे सर्दीच्या गोळ्यांतील घटक, भारतातूनही चोरून तेथे गेलेले आहे. मोरेहच्या रस्त्यावर अशा गोळ्यांचे साठे अनेकदा पकडले गेले आहेत. जाताना कच्चा माल आपला, येताना पक्का माल त्यांचा.

सह्याद्री_७१

लोकटाक आणि निफाड_शिवार यांच्या प्रतिसादांनंतर माझे मत काहीसे बदलले आहे, हे मोकळेपणाने नोंदवतो. पाकिस्तानबाबत मी ठाम आहे. पण बांगलादेश आणि नेपाळ यांच्या बाबतीत बंदी हे हत्यार आपल्यावरच उलटते, हे मान्य करावे लागेल. २०१५ मध्ये नेपाळच्या नव्या राज्यघटनेच्या वादानंतर सीमेवरच्या रक्सौल-बीरगंज नाक्याची वाहतूक अडली. आपण नाकेबंदी केल्याचे भारताने नाकारले, पण गॅस आणि पेट्रोलसाठी रांगेत उभ्या असलेल्या नेपाळी माणसाने दोष आपल्यालाच दिला, आणि मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार, म्हणजे चीनमधून माल ने-आण करण्याचा करार, केला. नेपाळकडून येणारे चरस त्या काळात थांबले असेही झाले नाही. प्रश्न एवढाच उरतो की नेमके करायचे काय?

करंजा

माझ्या अल्प अनुभवातून सांगतो. पहिली गोष्ट, बोलणे बंद असतानाही अमली पदार्थांच्या माहितीची वाहिनी चालू ठेवावी. सार्कच्या देशांनी १९९० मध्ये माले येथे याच विषयावर करार केला आहे, त्याचा माहिती कक्ष कोलंबोत आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणांमध्ये २०११ मध्ये सामंजस्य करार झाला होता. बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा करार २०२१ मध्ये अमलात आला, आणि त्यात बांगलादेश, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका हे सगळेच आहेत. सार्क थंडावली असली तरी बिमस्टेकची चौकट वापरायला कोणाची हरकत नसावी. तणावाच्या काळातही भारत आणि पाकिस्तान अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, दर १ जानेवारीला न चुकता देतात, मग संशयित कंटेनरचा क्रमांक द्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट बंदराची. १७ मे २०२५ रोजी आपण बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून आणायला मनाई केली आणि फक्त न्हावा-शेवा व कोलकाता ही दोन बंदरे खुली ठेवली. त्याआधी बांगलादेशने आपले सूत जमिनीमार्गे घेणे थांबवले होते, त्यामुळे हे पाऊल का उचलले ते समजते. परंतु नाका बंद करून माल बंदराकडे वळवायचा असेल तर बंदरावर स्कॅनर, श्वानपथक, रसायनतज्ज्ञ आणि कागद वाचणारी माणसे त्याच प्रमाणात वाढली पाहिजेत. शासननिर्णय एका पानाचा निघतो. न्हावा-शेव्याच्या फाटकाबाहेर वाढणारी रांग त्या पानावर दिसत नाही.

तिसरे, निफाड_शिवार यांनी सांगितलेल्या औषधाच्या बाटल्या. कोडीनच्या प्रत्येक बॅचचा हिशेब कारखान्यापासून औषधदुकानापर्यंत सरकारने मागावा आणि सापडलेल्या बाटल्यांचे क्रमांक ढाक्याकडून घ्यावेत. आपण हे स्वतःहून केले तर दुसऱ्या शेजाऱ्याकडे हेरॉईनची तक्रार करताना आपला आवाज वेगळा लागेल.

निफाड_शिवार

यात माझी एकच भर. कांद्याबाबत बंदीच करायची असेल तर निदान महिनाभर आधी सांगा, ढाक्यालाही आणि आम्हालाही.

रावीकाठ

एक नोंद राहून गेली होती. मे २०२५ च्या मध्यात, नाका बंद असतानाच, परराष्ट्रमंत्री जयशंकर आणि तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि त्यानंतर अडकून पडलेल्या १६० अफगाण ट्रकांना अटारीवरून आत येण्याची परवानगी मिळाली. सुका मेवा नासायला आला होता. त्यापूर्वी, एप्रिल २०२२ मध्ये, याच नाक्यावर अफगाण ज्येष्ठमधाच्या मालातील लाकडी ओंडक्यांत १०२ किलो हेरॉईन सापडले होते, तरीही ट्रक येणे थांबवले गेले नव्हते. ओंडके फोडून तपासणी वाढवली गेली होती. मे २०२५ मध्ये ती परवानगी मिळाली त्या दिवशी घरमालकांच्या भाच्याला जुन्या मुकादमाचा फोन आला. तो शेतावरून तसाच सायकलने अटारीला गेला, आणि रात्री उशिरा परतला तेव्हा त्याच्या खिशात अफगाण चालकाने दिलेले मूठभर बदाम होते.